प्रीप्रिंटच्या मंचावर पैसे मागितले तर?

मागच्या व्याख्यानात आपण जर्नलमधलं समीक्षण कसं चालतं ते पाहिलं. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता: "प्रीप्रिंट टाकायला गेलं की तिथे पैशाच्या सेवा दिसतात. त्या खऱ्या असतात का? घ्याव्यात का?" आज तेवढाच विषय घेऊ.

सुरुवात एका पावतीपासून करू. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयातून प्राणिशास्त्रात पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी आमच्या कार्यशाळेला यायची. तलावातल्या माशांवर तिचं काम. एक दिवस तिचा फोन आला. एका मंचावर ती आपला लेख प्रीप्रिंट म्हणून टाकणार होती आणि त्या मंचाने तिला साडेनऊ हजार रुपयांचं 'पॅकेज' देऊ केलं होतं. घेऊ का, असं तिने विचारलं. आम्ही घाईत होतो. आम्ही एवढंच म्हणालो, "डीओआय देतात ना? मग हरकत नाही."

आमचं उत्तर चुकलं होतं. ती तासिका तत्त्वावर शिकवायची आणि ते मानधनही कित्येक महिने थकलेलं असायचं. त्यातून तिने साडेनऊ हजार भरले. पुढे संशोधन सल्लागार समितीपुढे तिने त्या मंचाचं 'तज्ज्ञ-समीक्षित' असं प्रमाणपत्र ठेवलं, तेव्हा समितीतल्या एका सदस्याने साधा प्रश्न विचारला: "समीक्षण कोणी केलं? त्यांचे शेरे कुठे आहेत?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं. त्या दिवशी आम्ही ती पावती मागवून घेतली आणि ओळीओळीने वाचली. पावतीत पाच बाबी होत्या: डीओआय, गूगल स्कॉलरमध्ये नोंद, प्राधान्याने प्रकाशन, भाषा-संपादन आणि समीक्षणाचं प्रमाणपत्र. आज आपणही ती तशीच वाचूया.

आधी मुळात खर्च कोण करतं

प्रीप्रिंट म्हणजे जर्नलच्या समीक्षणाआधी लेखकाने सगळ्यांसाठी खुला ठेवलेला लेख. त्याचा सगळ्यात मोठा आणि जुना मंच म्हणजे आर्काइव्ह. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने तो अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत सुरू केला. २००१ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात गेला. आज तिथे वीस लाखांहून जास्त लेख आहेत. लेख टाकायला पैसे नाहीत, वाचायलाही नाहीत. जीवशास्त्रासाठी कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने २०१३ मध्ये बायोआर्काइव्ह काढला आणि २०१९ मध्ये येल विद्यापीठ व बीएमजे यांच्यासोबत वैद्यकशास्त्रासाठी मेडआर्काइव्ह. तिथेही लेखकाला खर्च नाही.

पण फुकट म्हणजे खर्च नाही असं नव्हे बरं का. संगणक, माणसं, आलेला लेख निदान विज्ञानाचा आहे ना हे पाहणारे मॉडरेटर, या सगळ्याला पैसा लागतो. आर्काइव्हचा भार कॉर्नेल, सायमन्स फाउंडेशन आणि जगभरातल्या सदस्य संस्था उचलतात. बायोआर्काइव्हला चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्हकडून मोठी मदत मिळाली. ज्यांना असा आधार मिळत नाही त्यांची ओढाताण होते. आपल्याकडे २०१९ मध्ये इंडियाआर्काइव्ह सुरू झाला, तो एका अमेरिकी संस्थेच्या ओएसएफ या यंत्रणेवर. थोड्याच काळात त्या संस्थेने अशा मंचांकडे वार्षिक शुल्क मागायला सुरुवात केली आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या या मंचाला दुसरी जागा शोधावी लागली.

म्हणून 'पैसे घेतात म्हणजे फसवतात' असा सरळ हिशेब मांडू नका. कोणीतरी पैसे देतच असतं. विचारायचं ते हे, की आपल्याकडून पैसे घेतले जातात ते कशाचे? केलेल्या कामाचे की मिळणाऱ्या निकालाचे? आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आता पावतीकडे.

पहिली ओळ: डीओआय

डीओआय हा लेखाचा कायमचा पत्ता. संकेतस्थळ बदललं तरी त्या क्रमांकावरून लेख सापडावा, एवढंच त्याचं काम. घराला नंबर मिळाला म्हणजे घर पक्कं बांधलंय असं होत नाही, तसंच हे. डीओआय असलेला लेख बरोबर असेल, चूक असेल, चोरलेलाही असेल.

खर्चाचं म्हणाल, तर क्रॉसरेफ ही ना-नफा संस्था २०१६ पासून प्रीप्रिंटना डीओआय देते. वार्षिक सदस्यत्व वेगळं. पण एका प्रीप्रिंटच्या नोंदणीचा दर पाव डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे वीस-पंचवीस रुपये. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचा झेनोडो हा मंच तर लेखकाला डीओआय मोफत देतो. मग डीओआयसाठी हजार-दोन हजार मागणारा माणूस नेमकं काय विकतोय? आपलं अज्ञान.

आणखी एक तपासणी करा. मिळालेला क्रमांक डीओआय डॉट ओआरजी या संकेतस्थळावर टाकून बघा. तो आपल्या लेखावर पोचला पाहिजे. डीओआयसारखा दिसणारा, पण कुठेच न उघडणारा क्रमांक लेखावर छापलेला आम्ही स्वतः पाहिला आहे.

दुसरी आणि तिसरी ओळ: नोंद आणि प्राधान्य

गूगल स्कॉलर लेखकाकडून पैसे घेत नाही. त्याचा यंत्रणा-सेवक संकेतस्थळं वाचत फिरतो आणि जे विद्वत्तेचं वाटेल ते उचलतो. तिथे नाव दिसणं ही मान्यता नव्हे. ऑर्किड क्रमांकही संशोधकाला मोफत असतो. म्हणजे या ओळीवरची रक्कम पूर्ण वाया.

प्राधान्याने प्रकाशन हे त्याहून गमतीचं. बायोआर्काइव्हवर लेख साधारण एक-दोन दिवसांत दिसू लागतो. मेडआर्काइव्हवर थोडा जास्त वेळ लागतो, कारण तिथे लेखामुळे रुग्णांना अपाय होईल का हेही पाहतात. या मंचांवर पैसे देऊन रांग ओलांडता येत नाही. आणि ते योग्यच आहे. तपासणीसाठी थांबवलेला लेख पैसे भरल्यावर सुटत असेल, तर ती तपासणी कसली?

चौथी ओळ: भाषा-संपादन

इथे मात्र सावकाश जाऊया, कारण ही सेवा खरी आहे आणि आपल्यातल्या अनेकांना तिची गरज आहे. मराठी माध्यमातून शिकलेला संशोधक प्रयोग उत्तम करतो आणि इंग्रजी परिच्छेद लिहिताना त्याचा हात अडतो. त्याला मदत हवी असेल तर त्यात कमीपणा नाही. हा जगभर पसरलेला, उघड व्यवसाय आहे. एडिटेज हे त्यातलं मोठं नाव ज्या कॅक्टस कम्युनिकेशन्सचं, ती कंपनी मुंबईची.

काही मंचांच्या घरातच हा व्यवसाय आहे. रिसर्च स्क्वेअर हा प्रीप्रिंट मंच घ्या. तो ज्या कंपनीने काढला, तिचंच अमेरिकन जर्नल एक्स्पर्ट्स हे भाषा-संपादनाचं काम २००४ पासून चालू होतं. २०२२ च्या अखेरीस ही पूर्ण कंपनी स्प्रिंगर नेचरकडे गेली. म्हणजे जर्नल, प्रीप्रिंट मंच आणि भाषा-संपादन, तिन्ही एका छताखाली. लेख टाकणं मोफत, शेजारच्या सेवेला पैसे.

यात लबाडी आहे का? नाही. काम होतं, माणसं काम करतात. फक्त दोन गोष्टी विसरू नका. एक, मंचावर दिसणारी सेवेची शिफारस ही जाहिरात आहे. आपल्या लेखाला संपादनाची गरज आहे असं कोणी लेख वाचून ठरवलेलं नसतं. दोन, भाषा सुधारल्याने लेख स्वीकारला जाईल अशी हमी कोणताही चांगला प्रकाशक देत नाही. उलट, तशी हमी नाही असं ते स्वतःच लिहून ठेवतात. जो हमी देतो त्याच्यापासून लांब राहा.

आणि घ्यायचीच असेल सेवा, तर आधी विचारा: संपादक आपल्या विषयातला आहे का? केलेले बदल एकेक करून दाखवणार का? 'जाळ्यात हा मासा आढळला नाही' आणि 'तलावात हा मासा नाही' या दोन वाक्यांत भाषेचा फरक थोडा, विज्ञानाचा मोठा. परका संपादक वाक्य सुबक करताना पहिल्याचं दुसरं करून टाकतो आणि आपण दमून सगळेच बदल मान्य करतो. आमच्या विद्यार्थिनीच्या लेखात नेमकं असंच एक वाक्य बदललेलं सापडलं.

पाचवी ओळ: समीक्षणाचं प्रमाणपत्र

पावतीतली ही सगळ्यात महाग ओळ, आणि सगळ्यात पोकळ.

प्रीप्रिंटचं समीक्षण होऊच शकत नाही असं आम्ही म्हणत नाही. होतं, आणि चांगलं होतं. पिअर कम्युनिटी इन नावाचा उपक्रम फ्रान्समधल्या संशोधकांनी उभा केला आहे. ते प्रीप्रिंटचं समीक्षण करतात, पटलं तर शिफारस करतात आणि शिफारस झाली की समीक्षकांचे शेरे सगळ्यांना वाचायला ठेवतात. लेखकाला खर्च नाही. दुसरं उदाहरण ईलाइफ या जर्नलचं. २०२३ मध्ये त्यांनी पद्धतच बदलली. ज्या प्रीप्रिंटचं समीक्षण करायचं ठरवतील, त्याचे शेरे आणि संपादकांचं मत लेखासोबत छापतात. शेवटी 'स्वीकारला' किंवा 'नाकारला' असा शिक्का मारत नाहीत. सुरुवातीला यासाठी त्यांनी २,००० डॉलर शुल्क ठेवलं, म्हणजे त्या वेळच्या दराने दीड लाख रुपयांहून जास्त. ज्यांना परवडत नाही त्यांना सवलत मागता येते.

रक्कम आपल्या दृष्टीने अवाढव्य आहे, हे खरंच. पण व्यवहाराची रचना बघा. पैसे भरल्यावर काय मिळतं? शेरे. ते चांगले असतील की वाईट, याची हमी नाही. 'पुरावा अपुरा आहे' असंही छापून येऊ शकतं, आणि ते पैसे देणाऱ्याच्या लेखाखालीच येतं. कामाचे पैसे म्हणतो ते हे.

आता आमच्या पावतीतलं प्रमाणपत्र बघा. समीक्षकांची संख्या नाही, शेरे नाहीत, तारीख पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवशीची. मुख्य म्हणजे प्रमाणपत्र मिळणार हे पैसे भरण्याआधीच ठरलेलं. नापास होण्याची शक्यताच नसेल तर त्याला परीक्षा म्हणत नाहीत. हे निकालाचे पैसे.

पावतीत नसलेली एक सेवा

अकॅडेमिया डॉट ईडीयूवर अनेकांचं खातं असेल. तिथेही लोक प्रीप्रिंट ठेवतात. नावातल्या 'ईडीयू'मुळे ते विद्यापीठ वाटतं, पण ती २००८ मध्ये सुरू झालेली खासगी कंपनी आहे. तो पत्ता नियम कडक होण्याआधी, १९९९ मध्ये नोंदवलेला होता, म्हणून टिकला. तिथून मेल येतो, 'अमुक लेखांत तुमच्या नावाचा उल्लेख आहे'. कोणत्या, ते पाहायला गेलं की प्रीमियम सदस्यत्व पुढे येतं.

सेवा खोटी नाही. पण उल्लेख झालेली व्यक्ती आपणच असू असं नाही. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, जाधव किती आहेत! आणि आपल्या लेखाचे संदर्भ कोणी दिले हे गूगल स्कॉलरवर फुकट कळतं. इथे विकली जाते ती आपलीच उत्सुकता. परवडत असेल तर घ्या, पण संशोधनाला लागणारा खर्च म्हणून त्याची गणना करू नका.

मग फुकटचं ते विश्वासाचं का?

तसंही नाही. दोन उदाहरणं पुरतील. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या काही संशोधकांनी बायोआर्काइव्हवर एक लेख टाकला. नव्या कोरोना विषाणूच्या एका प्रथिनात एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे आहेत, असा त्यात दावा होता. जगभरातल्या शास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं, की इतके छोटे तुकडे इतर असंख्य जीवांतही सापडतात. लेखकांनी दोन दिवसांत लेख मागे घेतला. पण त्याआधीच तो समाजमाध्यमांतून पसरला होता.

दुसरं, नोव्हेंबर २०२० मध्ये रिसर्च स्क्वेअरवर इजिप्तमधला एक लेख आला. आयव्हरमेक्टिनने कोविडचे मृत्यू प्रचंड घटतात, असं त्यात होतं. हा लेख इतर एकत्रित अभ्यासांतही मोजला गेला. पुढे लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यातला उचललेला मजकूर आणि आकडेवारीतल्या विसंगती दाखवल्या आणि जुलै २०२१ मध्ये मंचाने लेख मागे घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना हे औषध देण्याचं जाहीर केलं होतं. त्या निर्णयामागे हाच एक लेख होता असं आम्ही म्हणत नाही. पण कच्च्या लेखांनी भरलेल्या हवेत निर्णय कसे घेतले जातात, ते यातून कळतं.

पहिला मंच ना-नफा, दुसरा व्यापारी कंपनीचा. दोन्हीकडे चूक झाली, दोन्हीकडे ती बाहेरच्या वाचकांनी पकडली. कारण मंच लेखाच्या खरेपणाची हमी देतच नाही, आणि प्रामाणिक मंच तसं पानावर स्पष्ट लिहितो: 'याचं समीक्षण झालेलं नाही'. ही सूचना पैसे घेऊन पुसली जात असेल, तर तिथे थांबा.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न

पहिला: पैसे न देता हाच लेख इथे टाकता येतो का? येत नसेल तर मोफत मंच शोधा. बहुतेक विषयांना तो आहे.

दुसरा: पैसे कामाचे की निकालाचे? स्वीकृती, प्रमाणपत्र, 'इम्पॅक्ट' असं काही आधीच कबूल केलं असेल तर तो निकाल.

तिसरा: केलेलं काम तिसऱ्या माणसाला दिसतं का? शेरे, बदल, तपासणीचा अहवाल, काहीतरी दाखवता आलं पाहिजे. समितीने विचारलं तर आपण काय दाखवणार, हे आधीच मनाशी ठरवा.

चौथा: लेख मागे घ्यायचा झाला तर? प्रीप्रिंट साधारणपणे पुसला जात नाही. 'मागे घेतला' अशी नोंद लागते, पान राहतं. खुला परवाना दिला असेल तर तोही परत घेता येत नाही. म्हणून 'आम्हीच तुमच्या वतीने टाकतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. काही जर्नलमध्ये लेख पाठवतानाच 'प्रीप्रिंटही ठेवू का' अशी खूण करायला सांगतात. तीसुद्धा वाचून करा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रीप्रिंट टाकला तर जर्नल लेख घेणार नाही, असं आमचे गाइड म्हणतात. खरं आहे का?*

बहुतेक मोठ्या प्रकाशकांना प्रीप्रिंट चालतो. पण सगळ्या जर्नलना चालतोच असं नाही, आणि मानव्यविद्यांत सवय कमी आहे. जर्नलच्या संकेतस्थळावर धोरण असतं, ते आधी वाचा आणि गाइडना दाखवा. त्यांच्या पाठीमागे टाकू नका. लेखावर त्यांचंही नाव असतं.

*आम्ही पैसे भरून बसलोय. आता काय करावं?*

पहिलं म्हणजे लपवू नका. प्रमाणपत्र आपल्या परिचयपत्रातून काढा, लेख 'प्रीप्रिंट' म्हणूनच नोंदवा. पैशांसाठी लेखी मागणी जरूर करा, पण त्याच्या आशेवर थांबू नका. चूक राहिली असेल तर सुधारित आवृत्ती त्याच पानावर टाका.

आमच्या विद्यार्थिनीने हेच केलं. बदललेलं वाक्य तिने पुन्हा मूळपदावर आणलं, नवी आवृत्ती चढवली आणि समितीला चार ओळींचं पत्र दिलं. समितीने ते समजून घेतलं. पैसे परत मिळाले नाहीत. ते अर्धे आमच्या सल्ल्यामुळे गेले असं आम्ही मानतो, म्हणून हे व्याख्यान. आता कोणी फोनवर "घेऊ का?" विचारलं, तर आम्ही आधी पावती मागतो.

पुढच्या वेळी परवान्यांबद्दल बोलू: लेख खुला करताना आपण नेमकं काय देऊन टाकतो ते.